घेऊन जा, तुझंच आहे

बर्राकच्या तोंडून ते चार शब्द निघाले, यात खरं तर त्याचा काही दोष नव्हता. कुवेतमध्ये वाढलेल्या माणसाच्या जिभेवर ते जन्मापासून बसलेले असतात. कुणी तुमच्या घड्याळाचं कौतुक केलं की तुम्ही म्हणायचं, "घेऊन जा, तुझंच आहे." मग पाहुण्यानं छातीवर हात ठेवून म्हणायचं, "ज्याचं त्यालाच शोभतं." घड्याळ जागच्या जागी राहतं, दोघांचा मान राहतो आणि चहाचा पुढचा पेला येतो.

बर्राकचा आणि अबू दुऐजकाकांचा तर हा लाडका खेळच होता. अबू दुऐज म्हणजे त्याच्या वडिलांचे जिवलग दोस्त. त्यांच्या हातात कायम मधाच्या रंगाची अंबरमण्यांची माळ असे. बर्राक लहान असल्यापासून दोघं भेटले की तो म्हणायचा, "काका, काय माळ आहे!" काका म्हणायचे, "घे रे पोरा, तुझीच आहे." आणि बर्राक म्हणायचा, "ज्याची त्यालाच शोभते." वडील गेले, बर्राकच्या दाढीत पांढरे केस आले, तरी खेळ चालूच होता. एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायची ती त्यांची रीत होती.

त्याच रीतीनं बर्राकचा घात केला.

बर्राकच्या दिवाणियामागच्या, म्हणजे पुरुषांच्या बैठकीमागच्या, खोलीत त्यानं शर्यतीचा खेळ मांडला होता. समोर पडदा, खाली पेडलं, आणि लोखंडी चौकटीवर मोटरला जोडलेलं स्टिअरिंग. पडद्यावर गाडी घसरली की मोटर तो हिसका हातात देते. पोरखेळ म्हणणाऱ्यांनी एकदा बसून पाहावं. बाकी सामान बेतास बात होतं, पण स्टिअरिंग वडिलांच्या जुन्या अमेरिकन गाडीचं होतं. गाडी भंगारात गेली तेव्हा बर्राकनं तेवढंच सोडवून आणलं आणि शुवैखच्या गॅरेजवस्तीतल्या एका कारागिराकडून पट्टी करून घेऊन मोटरवर बसवलं. वडील डाव्या हातानं गाडी चालवायचे. त्यांच्या अंगठीच्या खड्यानं चामड्यावर एक खाच पडली होती. वळण घेताना बर्राकचं बोट बरोबर त्या खाचेत बसायचं, आणि त्याला वाटायचं की शेजारच्या सीटवर कुणीतरी आहे.

एके दिवशी शमलान आला. शमलान म्हणजे त्याचा आतेभाऊ, पोट सुटलेला, आवाज मोठा, आणि हात फक्त घेण्यासाठी उघडणारा. भरल्या दिवाणियात तो खेळायला बसला, दोन फेऱ्या मारल्या आणि ओरडला, "वल्ला, काय स्टिअरिंग आहे!"

"घेऊन जा, तुझंच आहे," बर्राकची जीभ म्हणाली.

शमलाननं छातीवर हात ठेवला नाही. तो म्हणाला, "अल्ला तुला उदंड देवो! मामांची आठवण म्हणून जपेन हो." आणि त्यानं ते मोटरसकट उचललं. उचलून गाडीत घातलं! बाकीचे लोक चहाच्या पेल्यात बघत बसले. दिलेलं परत मागायचं म्हणजे बापाच्या दिवाणियाचं नाक कापायचं. बर्राकनं हसून दार उघडून दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या रात्री तो रिकाम्या चौकटीसमोर बसून रडला, आणि उठताना त्यानं ठरवलं की स्टिअरिंग परत येईल, आणि शमलानच्याच तोंडून येईल.

शमलानला लाज नव्हती, हे बर्राकच्या पथ्यावर पडलं. आठवडाभरातच त्याचा फोन आला.

"अरे, मी हे जेवणाच्या टेबलाला आवळलंय. वळण घेतलं की टेबल चालायला लागतं! अम्मा ओरडतेय."

"टेबलावर होतं का कधी? चौकट घे," बर्राक म्हणाला.

"मी म्हटलं आधी तीन पडदे घ्यावेत. लोकांना दिसायला पाहिजे ना काहीतरी."

"पडदे शेवटी. आधी चौकट, मग ब्रेक, मग मोटर. डोळ्यांनी कुणी शर्यत जिंकत नाही, शमलान. पायांनी जिंकतात."

"तू येतोस का बघायला? माझं डोकं चालत नाही यात."

"येतो की. तू माझा भाऊ ना!"

आता कुणाला वाटेल, बर्राक त्याला उलटसुलट सल्ले देऊन खड्ड्यात घालणार. छे! त्याचा राग इतका स्वस्त नव्हता. त्यानं शमलानला अगदी खरा सल्ला दिला, स्वतःला द्यावा तसा. नव्हे, स्वतःलाच दिला. कारण जे शमलानच्या घरात येणार ते उद्या आपल्या घरात जाणार, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. स्टिअरिंग तर न्यायचंच, पण व्याजासकट.

मग सहा महिने दोघं जिवाभावाच्या मित्रांसारखे दुकानं हिंडले. चौकट घेतली ती ॲल्युमिनियमच्या जाड नळ्यांची, जिच्यावर हत्ती बसला तरी हलणार नाही अशी. ब्रेक घेतला तो पाय किती खाली गेला हे न मोजता पायानं किती जोर लावला हे मोजणारा. "अंतर पाय विसरतो, जोर विसरत नाही," बर्राकनं समजावलं, आणि शमलाननं ते वाक्य पाठ करून दिवाणियात स्वतःचं म्हणून खपवलं. पेडलं बर्राकच्या पायांच्या मापानं बसवली गेली. शमलानचे पाय त्याच्याहून लांब, त्यामुळे त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकायचे.

"जवळ नाही का झालं थोडं?"

"शर्यतवाले असेच बसतात. तुला काय मजलिसच्या गादीवर लोळायचंय?"

सीटच्या वेळी तर बर्राकला हसू आवरेना. शर्यतीची सीट म्हणजे खोलगट टोपलं, ते अंगाच्या मापाचंच घ्यावं लागतं. बर्राकनं स्वतः बसून पाहिलं, पाठ टेकवली आणि म्हणाला, "हीच!" शमलान तिच्यात शिरला तो चप्पल न होणाऱ्या पायासारखा, आणि निघताना दोघांनी ओढून काढावा लागला.

"घट्ट आहे रे!"

"घट्टच हवी. गाडी कुठं घसरतेय ते पाठीला आधी कळतं, हाताला मागून. पोट कमी कर, वेळही कमी होईल."

यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच तर बर्राकला इतकं गोड वाटत होतं. लोक म्हणायचे, "बर्राकचं मन बघा! स्वतःचं गेलं तरी भावाला मदत करतोय." तो मान खाली घालून हसायचा.

एकदाच बेत फसायला आला. नवी दणकट मोटर बसवली त्या दिवशी शमलाननं बटणांचं, दिव्यांचं झगमगीत स्टिअरिंग आणलं आणि जुनं कोपऱ्यात फेकलं. "हे धूड आता भंगारात देतो."

"वेडा आहेस का?" बर्राकचा आवाज चढला. त्यानं तो घाईघाईनं खाली आणला. "म्हणजे... जुन्या गाड्यांच्या शर्यती असतात ना, तिथं ही बटणं काय कामाची? तिथं असंच लागतं. आणि भिंतीवर लावलंस तर लोक विचारतील, कुठून आणलं म्हणून."

लोक विचारतील म्हटल्यावर शमलाननं लगेच खिळा मागवला. घरी जाताना बर्राक दोन वळणं चुकला, भीतीनं की संतापानं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता एकच अडचण उरली होती. स्वतः केलेली चोरी माणूस विसरत नाही, आणि तिची वाट इतरांना मोकळी ठेवत नाही. शमलान ते चार शब्द कुणालाच म्हणायचा नाही. कुणी कौतुक केलं की, "माशाल्ला म्हण रे, नजर लावतोस!" असं म्हणून हसण्यावारी न्यायचा. मग त्याला म्हणायला लावणार कसं?

उत्तर चालून आलं. शमलाननं अबू दुऐजकाकांच्या मुलीला, लतीफाला मागणी घातली. काका ना हो म्हणत होते, ना नाही. एकदा ते बर्राकला हळूच म्हणाले, "पोरगा वाईट नाही. पण मूठ घट्ट मिटलेली आहे त्याची. अशा घरात मुलगी कशी द्यावी?"  घरी येऊन बर्राकनं बोल्ट सोडवायच्या पान्यांची पिशवी शोधून काढली.

पुढच्या गुरुवारी शमलाननं काकांना आणि दहाबारा जणांना बोलावलं. नवं सामान दाखवायचं होतं आणि होणाऱ्या सासऱ्यावर छाप पाडायची होती. संध्याकाळची मगरिबची नमाज झाली, मटण-भाताच्या मच्छबूसचं मोठं ताट उठलं, वेलचीच्या कॉफीचा गहवा फिरला. पाहुण्यांनी आळीपाळीनं फेऱ्या मारल्या. शेवटी बर्राक बसला. सीटनं त्याला मिठीत घेतलं, पेडलं पायांखाली आली, आणि त्यानं अशी फेरी मारली की गप्पा सोडून सगळे पडद्याकडे बघू लागले. शमलानची सर्वांत चांगली वेळ केव्हाच मागे पडली होती.

बर्राक उठला. डोळे भिंतीवरच्या स्टिअरिंगच्या खाचेकडे गेले. फक्त तेवढंच मागता आलं असतं. अगदी आत्तापर्यंत तेवढंच मागायचं, असंही त्यानं मनाला एकदोनदा सांगून पाहिलं होतं. पण शमलानच्या ओठांवरचं ते तेलकट हसू पाहिलं आणि त्याचा हात गोल फिरला, भिंतीपासून पडद्यांपर्यंत.

"शमलान, काय सामान आहे! चौकट, मोटर, पेडलं, सीट, ते भिंतीवरचं स्टिअरिंग... असं अख्ख्या कुवेतमध्ये नसेल."

"माशाल्ला म्हण रे! नजर लावतोस."

"माशाल्ला, माशाल्ला. पण खरंच, मन भरत नाही बघून. असं कौतुक मी आयुष्यात कशाचं केलं नाही."

कुणी खोकलं. माळेचे मणी टकटक वाजत होते, ते थांबले. अबू दुऐजकाका शमलानकडे बघत होते. सगळेच बघत होते. शमलानच्या कपाळावर घाम आला. त्याला कळलं, आणि आपल्याला कळलंय हे बर्राकलाही दिसलं, हे त्याला कळलं.

"घेऊन जा," तो म्हणाला. घसा साफ केला. "तुझंच आहे."

आणि तो थांबला. उत्तराची वाट बघत. त्याच्या डोळ्यांत एक विनवणी होती, हात जोडलेली. बर्राकच्या जिभेवर ते उत्तर आलंही होतं, इतक्या वर्षांची सवय. त्यानं दातांनी जीभ धरली.

"अल्ला तुला उदंड देवो," बर्राक म्हणाला. "भावाची आठवण म्हणून जपेन हो."

त्यानं अंगातल्या लांब दिशदाशाच्या खिशातून पाने काढले. बाहेर वानेत, म्हणजे सामान वाहायची छोटी गाडी, आधीच येऊन उभी होती, मागचं फळकूट उघडं टाकून. त्यानं फोन केला आणि दोन हमाल आत आले. बोल्ट सुटायला लागले. पाहुणे गहवा पुरे या खुणेनं पेले हलवत एकेक उठले. शमलान भिंतीला पाठ लावून उभा होता. शेवटी त्यानं स्वतःच भिंतीवरचं स्टिअरिंग काढलं आणि बर्राकच्या हातात दिलं. "मामांचं होतं," तो हळू म्हणाला. "एवढं नेलं असतंस तरी मी समजलो असतो."

"तेव्हा नाही समजलास," बर्राक म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की छाती दुखत होती.

घरी सगळं नीट बसलं. बसणारच, मापच त्याचं होतं. वडिलांचं स्टिअरिंग मोटरवर चढलं, बोट खाचेत गेलं. बर्राक आठ दिवस कुणाला न सांगता खेळत राहिला. पश्चात्ताप? अजिबात नाही. शमलानचा घामेजला चेहरा आठवला की त्याला झोप छान लागायची.

नवव्या दिवशी अबू दुऐजकाका आले. मिठाईचा डबा होता हातात. लतीफाचं शमलानशी ठरलं होतं.

"शमलानशी?" बर्राकच्या हातून चहा सांडला. "काका, त्याची मूठ..."

"ती उघडताना मी पाहिली, पोरा. त्याला किती दुखलं तेही पाहिलं. पण शब्द दिला आणि मागे घेतला नाही." ते टेकून बसले. "आधी तो चुकला होता, ठाऊक आहे मला. समोर दिसलं आणि हावरटपणा केला त्यानं. तसा हावरटपणा माणूस करतो."

बर्राक पुढचं ऐकायची वाट बघत राहिला. काका पुढं बोलले नाहीत. ते मागच्या खोलीच्या उघड्या दारातून चौकटीकडे बघत होते, आणि चौकटीवर अजून ती पान्यांची पिशवी पडली होती, त्या गुरुवारी आधीच तयार ठेवलेली.

शांतता बर्राकला सोसेना. ती मोडायचा एकच मार्ग त्याला लहानपणापासून ठाऊक होता.

"काका," तो हसून म्हणाला, "काय माळ आहे!"

अबू दुऐजकाकांचा अंगठा एका मण्यावर थांबला. त्यांनी माळेकडे पाहिलं, मग बर्राककडे. मग माळ मुठीत गोळा केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "चहा थंड होतोय तुझा."