गठाणीसारखे बांधलेले पाइप

माझे सासरे जानराव यांनी जन्मभर कापसाच्या गठाणी वाहिल्या. गेल्या दिवाळीपासून ते लोखंडी पाइप वाहतात. ट्रक उघडा, बाजूंना फळ्या नसलेला घेतला, बांधायला दोर मात्र कापसाच्या गठाणींचेच. चालवतो माझा नवरा, गोवर्धन.

त्याचा डबा द्यायला लेकीला, पायलला, कडेवर घेऊन यार्डात गेले, तर भरलेला ट्रक तिवशाला निघालेला. दोराला हात लावून पाहिला. ढिला.

"मामाजी, दोर सैल आहे."

"आत्ताच आवळला, सूनबाई. जानरावचा दोर हाय. आजवर एक गठाण पडली नाई."

"गठाण दबते आणि फुगून दोराला धरून ठेवते. लोखंड दबतं का? जरा सरकलं की दोर मोकळा. यांनी ब्रेक दाबला तर पाइप केबिन फोडून यांच्या पाठीत!"

"कालेजात हेच शिकवून राहिले होते काय?" सासरे हसले. गोवर्धनही हसला. माझं डोकंच फिरलं. मरणार कोण, आणि हसतंय कोण!

कोपऱ्यात नव्याकोऱ्या साखळ्या पोत्यात पडून. साखळीनं पाइपांचा रंग खरवडतो, गिऱ्हाईक बोंबलतं, म्हणून काढायच्या नाहीत. माणसाच्या पाठीपेक्षा रंग महाग.

"तुमी तरी बोला," मी गोवर्धनला म्हटलं.

"बाबांपुढे काहून तोंड चालवून राहिली? हळू नेतो ना."

"आणि म्हैस आडवी आली, तर तिलाही हळू यायला सांगाल?"

मी केबिनचं दार उघडलं आणि पायलला घेऊन आत जाऊन बसले.

"हे काय वो?" सासरे पुढे आले.

"आमीही येतो तिवशाले. दोर पक्का हाय ना?"

"पोरीले खाली घे."

"काहून?"

"खाली घे म्हनलं ना, सीमा!"

"तुमच्या पोराले बसवता, मग माझ्या पोरीले काहून नाही?"

त्यांनी पाइपांकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यामागच्या काचेकडे. तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला आणि गोवर्धनवरच खेकसले, "पाहून काय राहिला बे? आन त्या साखळ्या!"

साखळ्या आवळल्या, पाइपांच्या तोंडाशी लाकडी ठोकळे ठोकले. शेवटची साखळी ताणून बसेपर्यंत मी जागची हलले नाही.

"झालं समाधान?" गोवर्धननं विचारलं.

समाधान कसलं? नातीसाठी साखळ्या निघाल्या, मुलासाठी निघाल्या नव्हत्या. आणि मुलाला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

"उद्याही येईन," मी म्हटलं. "हिला घेऊन."