खालचा उजवा कोपरा

त्या मुलीला बारा शब्द येत होते. तोंडाने एकही नाही, बोटाने बारा. तिच्या टेबलावर एक पाटी असायची आणि पाटीवर चार-चारच्या तीन ओळींत वेल्क्रोने चिकटवलेली बारा चित्रं. वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘नको’, खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘दुखतंय’, अधेमधे पाणी, झोका, गाणं, बाबा वगैरे. चित्रांकडे ती फारसं बघायची नाही. मान भलतीकडे वळवून बोट मात्र नेमकं टेकवायची, आणि आपण ते द्यायचं. हे शिकायला तिला चार वर्षं लागली होती. त्याच चार वर्षांत मी कॉलेजात फळमाश्यांच्या पिढ्या मोजत होते.

विशेष मुलांच्या त्या शाळेत मी मदतनीस म्हणून लागले आणि दोनच महिन्यांत वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. सात मुलांचा वर्ग माझ्या हाती आला. सोबतीला मावशी होती. मुलांना भरवणं, धुणं-पुसणं, उचलून बसवणं तिच्याकडे, आणि तेही बावीस वर्षं. या मुलीला ती राणीसरकार म्हणायची, कारण सरकार नुसतं बोट टेकवायच्या आणि बाकीच्यांनी धावायचं.

मला शंका आली ती अशी: ही चित्र ओळखते की जागा? शंका रास्त होती. ती फेडायची पद्धतही मला शिकवलेली होती. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून मी चित्रांच्या जागा बदलायला लागले. दोन आठवडे करायचं ठरवलं आणि एक तक्ता आखला: कोणतं चित्र दाखवलं, वस्तू घेतली की नाकारली, किती सेकंद लागले.

“फळांवरच्या माश्या संपल्या वाटतं,” मावशी म्हणाली. मीही हसले.

घरीही तिची पाटी होती, कापडाची. तिचे बाबा शिंपी. त्यांनी जाड कापडावर बारा खिसे शिवून त्यांत तीच चित्रं त्याच क्रमाने ठेवली होती. घरी जुना क्रम राहिला असता तर माझी चाचणी फुकट गेली असती, म्हणून रोज दुपारी मुलीला न्यायला आले की मी त्यांच्या हातात त्या दिवशीच्या मांडणीचा कागद द्यायचे. ते घडी घालून तो मापाच्या टेपेबरोबर खिशात ठेवायचे. खरंच बदलता ना, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले की गिऱ्हाइकाचं माप चुकेल, हे चुकणार नाही.

पहिले चार दिवस ती गोंधळली. पाचव्या दिवशी तिने पाटीला हातच लावला नाही. सहाव्या दिवशी सकाळी आल्या-आल्या तिने खालच्या उजव्या कोपऱ्यात बोट टेकवलं. तिथे त्या दिवशी पाणी होतं. मी पेला पुढे केला. तिने तो ढकलला आणि पुन्हा तिथेच बोट. दिवसभरात अकरा वेळा. मी लिहिलं: पाणी, नाकारलं.

सातव्या दिवशी तिथे गाणं होतं. मी ते म्हटलं, तर तिने कानावर हात दाबला. गाणं, नाकारलं. आठव्या दिवशी झोका. झोक्यावर बसवलं तर ती ओकली. मावशीने तिचं तोंड धुतलं, फ्रॉक बदलला, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, “ताई, ती त्या कोपऱ्यालाच बोट लावतेय. तिथे आधी काय असायचं, बघा ना.”

“मावशी, तुम्ही सुचवू नका,” मी म्हटलं. “नोंद बिघडते.”

ती ओले टॉवेल घेऊन निघून गेली. मी तक्त्याखाली लिहिलं: निवड कशीही, काही नियम दिसत नाही.

नवव्या दिवशी मुलगी आली नाही. दहाव्या दिवशी तिचे बाबा एकटेच आले. तिच्या उजव्या कानात पू झाला होता, पडदा फुटला होता. त्या कानाने आता किती ऐकू येईल ते सांगता येत नव्हतं. तीन-चार दिवस आधी आणलं असतं तर थेंबांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी कापडी पाटी माझ्या टेबलावर पसरली, हाताने सारखी केली आणि खालच्या उजव्या खिशावर बोट ठेवलं.

“घरी पण इथेच दाखवत होती, ताई. तुमच्या कागदावर पाणी होतं, मी पाणी पाजत होतो. दुसऱ्या दिवशी गाणं होतं. मग मी मशीन बंद करून गात बसलो.”

त्यांचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

ते गेल्यावर मी तक्ता काढला. सेकंदसुद्धा लिहिले होते, फक्त बोट कुठे टेकलं त्याचा रकाना नव्हता. तो असता तर पहिल्याच दुपारी कळलं असतं. माझ्या शंकेचं उत्तर ती तीन दिवस देत होती: तिला जागा येत होत्या. आणि त्याच मी काढून घेतल्या होत्या, शाळेतल्याही आणि घरातल्याही.

मी बाराही चित्रं जुन्या जागी आणली आणि या वेळी डिंकाने पक्की केली. तीन आठवड्यांनी ती कानात कापूस घालून परत आली. पाटी समोर ठेवली की दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची. भूक लागली तर रडायची, तहान लागली तरी रडायची, आणि कशासाठी ते आम्हाला ओळखावं लागायचं. चार वर्षांपूर्वी अशीच होती, मावशी म्हणाली. टोमणा नव्हता तो, आणि तेच जास्त लागलं.

मी रोज तिच्यासमोर पाटी घेऊन बसायचे. तक्ता नाही, घड्याळ नाही. असे दोन महिने गेले. एका मंगळवारी तिने मांडीखालून उजवा हात काढला. मान खिडकीकडेच होती. बोट पाटीवरून सावकाश, चाचपडत गेलं, वरच्या डाव्या कोपऱ्यात टेकलं, आणि तिथेच राहिलं.

नको.

मी पाणी दिलं नव्हतं, गाणं म्हटलं नव्हतं. तिच्यासमोर फक्त मी होते.

“ताई,” मावशी मागून म्हणाली, “उठा.”

मी उठले. मावशी माझ्या खुर्चीवर बसली आणि मी दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले, तिथून पाटी दिसत नाही.