डोक्यावर निखारे घेणारे झाकण

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी झाकण आहे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. झाकण म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दुधाच्या पातेल्यावरची ताटली येत असेल. मी तसला नाही. मी घुमटासारखा फुगीर आहे, चांगला हातभर रुंद, आणि माझ्या पाठीवर गोल कड आहे, कारण मी डोक्यावर निखारे घेतो. आमच्या ब्राच बेटावर मला पेका म्हणतात, आणि माझ्याखाली जे शिजते त्यालाही पेकाच म्हणतात. जेवणाला झाकणाचे नाव मिळाल्याचे तुम्ही कुठे ऐकले आहे का? मग माझ्या मोठेपणाबद्दल शंका घेऊ नका.

माझा जन्म व्रिसोवा गावात लोव्रे लोहाराच्या भट्टीत झाला. एका मोडीत निघालेल्या बोटीच्या जाड पत्र्यापासून त्याने मला ठोकून ठोकून घडवले. यूरे नावाच्या तरुणाचे लग्न ठरले होते आणि नव्या घरात नवी पेका हवी होती. मला हातात घेऊन यूरेने विचारले, "बायकोला आवडेल ना रे?"

"बायकोचं मला माहीत नाही," लोव्रे म्हणाला, "पण कोकरांना अजिबात आवडणार नाही."

बायकोला मी आवडलो. तिचे नाव पेरिना. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा दगडी ओटा होता, तीच तिची चूल. त्यावर ती द्राक्षवेलीच्या काटक्या आणि ऑलिव्हची लाकडे जाळायची, निखारे बाजूला सारायची आणि तापलेल्या दगडावर मांस-बटाट्यांचे पसरट भांडे ठेवून वर मला बसवायची. मग माझ्या डोक्यावर निखारे आणि कडेने राख. खाली विस्तव, वर विस्तव, मध्ये जेवण. अर्ध्यात एकदा मांस उलटायला मला उचलायचे, पुढे शेवटपर्यंत कुणी डोकवायचे नाही. ऑक्टोपस असेल तर मीठही घालायचे नाही, ते समुद्राने आधीच घातलेले असते.

सुरुवातीची वर्षे ओढगस्तीची होती. कोकरू सणालाच मिळायचे, एरवी माझ्याखाली पाव भाजला जायचा. मला त्याची लाज नाही. पाव भाजणारे झाकण आणि कोकरू शिजवणारे झाकण यांत मी कधी भेद केला नाही.

मग एके दिवशी पाठीवर पिशव्या घेतलेली दोन परकी माणसे वाट चुकून दारात आली. पेरिनाने त्यांना घरच्यांबरोबर ताटावर बसवले. त्यांनी भांड्यातला उरलासुरला रस पावाने इतका निपटून खाल्ला, की पेरिनाला ते भांडे घासावेच लागले नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे सांगणे ऐकून सहा जण आले आणि त्याच्या पुढच्या वर्षी यूरेने अंगणात मेजे मांडली. अशी आमची खाणावळ सुरू झाली. नियम एकच होता: पेका हवी असेल तर एक दिवस आधी सांगा. कुणी ऐनवेळी टपकला, तर पेरिना त्याला चीज आणि ऑलिव्ह देऊन "उद्या ये" म्हणायची. बहुतेक जण उद्या यायचे.

ती माझी भरभराटीची वर्षे. कुठकुठली माणसे ओट्यापाशी उभी राहून निखारे बघायची. एका स्वीडिश पाहुण्याने प्रेमाच्या भरात माझ्या मुठीचा मुका घेतला आणि ओठ भाजून घेतले. मी त्याला बोलावले नव्हते.

मित्रांनो, दिवस फिरतात ते एकदम नाही, हळूहळू. यूरे वारला. पेरिनाचा उजवा खांदा दुखू लागला. मी रिकामाच एका लहान मुलाएवढा जड, त्यावर निखाऱ्यांचा ढीग. तिला मला उचलवेना. बंदरावर मोठ्या बोटी येऊ लागल्या आणि त्यातली माणसे घड्याळ बघत जेवू लागली. पेरिनाचा मुलगा तोमा आणि सून सिल्व्हिया यांनी खाणावळ हातात घेतली. दोघेही कष्टाळू. तोमाला आईचे दुखणे बघवत नव्हते आणि दारातून पाहुणा परत पाठवणेही जमत नव्हते. त्याने विजेचा मोठा ओव्हन आणला.

इथवर माझी काहीच तक्रार नव्हती. ओव्हननेही पोट भरतेच. पण पाहुण्यांना हवी होती पेका. मग तोमाने एक युक्ती काढली. मांस-बटाटे ओव्हनमध्ये शिजवायचे, वाढण्याआधी भांड्यावर मला ठेवायचे, शेगडीतले चार निखारे माझ्या डोक्यावर टाकायचे आणि वाजतगाजत अंगणात न्यायचे. लोक टाळ्या वाजवायचे, फोटो काढायचे. मी आतून थंडगार. वरचे चार निखारे मला कोमटसुद्धा करू शकत नव्हते. आयुष्यभर विस्तव सोसला तेव्हा मला कधी दुखले नाही, पण त्या टाळ्यांनी मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

दगडी ओट्यावर आता बाटल्यांची खोकी होती. तोही पाडायचे ठरले. तिथे आणखी चार मेजे बसणार होती. सोमवारी स्तांको गवंडी हातोडा घेऊन येणार होता. पेरिनाला हे सांगितले तेव्हा तिने "तुमचं तुम्ही बघा" एवढेच म्हटले आणि ती बराच वेळ खांदा चोळत बसली. त्या ओट्यावर तिचे सारे आयुष्य शिजले होते. तो गेला असता तर तीही त्या घरात पाहुणीच झाली असती.

त्याआधीच्या शनिवारी हालिना आली. पोलंडमधल्या एका शाळेची स्वयंपाकीण, रुंद मनगटांची आणि हसऱ्या डोळ्यांची. बरोबर तिचा नवरा. त्यांची भाषा आमच्या भाषेची लांबची मावसबहीण, त्यामुळे निम्मे शब्द आणि निम्मे हातवारे करून सगळे समजायचे. तिने आदल्या दिवशी निरोप ठेवला होता. एक वाजताची वेळ दिली असताना ती दहालाच हजर झाली.

"आग बघायला आले," ती म्हणाली. "घरी सगळ्यांना सांगून आलेय, आग बघणार म्हणून."

"आग मागच्या बाजूला असते," सिल्व्हिया गडबडीने म्हणाली. "तिकडे धूर फार. तुम्ही इथे बसा, मी कॉफी आणते."

हालिना बसली. एक वाजता तोमा मला मिरवत घेऊन आला. शेजारच्या मेजावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. हालिनाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने हात पुढे केला आणि चार बोटे माझ्या कुशीवर टेकवली. वीस वर्षे उकळती भांडी उतरवणाऱ्या बाईची बोटे ती. त्यांना कोण फसवणार?

तिने एक घास खाल्ला, सावकाश चावला. "चव चांगली आहे," ती म्हणाली. "ओव्हनमध्ये केलंत ना? मीही ओव्हनमध्येच करते. पण मला चारशे मुलांना बारा वाजता वाढायचं असतं. तुम्हाला कसली घाई होती?"

त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच तोमाला ते जास्त झोंबले. त्याचे कान लाल झाले. "ओव्हन कसला? आगीवरचं आहे हो," तो म्हणाला, आणि आमच्याकडची माणसे खोटे बोलताना हमखास जी चूक करतात ती त्याने केली. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "आईची शपथ!"

आई त्याच्या मागेच दारात उभी होती.

पेरिना पुढे आली. तिने डाव्या हाताने माझ्या डोक्यावरचे निखारे चिमट्याने एकेक करून खाली बशीत टाकले.

"तोमा, कुणाची शपथ घेतलीस?"

"आई, ते आपलं... बोलण्याच्या ओघात..."

"खोटी शपथ घेतली की मरायचं कुणी? मी. मला अजून मरायचं नाही. आज संध्याकाळी पत्त्यांचा डाव ठरलाय. तेव्हा शपथ खरी कर. ओटा मोकळा कर."

"आई, अहो, बाकीचे पाहुणे आहेत," सिल्व्हिया म्हणाली.

"त्यांना तू वाढ, सूनबाई. तुझा ओव्हन आहे ना? कामाचा आहे तो. फक्त विचारलं तर ओव्हनचंच आहे म्हणून सांग." मग ती हालिनाकडे वळली. "तुमची बोट कधी आहे?"

"पाचला."

"मग सव्वाचारला जेवाल. चला, आग बघायला आलात ना?"

खोकी हलली. काटक्या पेटल्या. ऑक्टोपस संपला होता, म्हणून घरच्यांसाठी रविवारचे म्हणून ठेवलेले कोकराचे मांस निघाले. बटाटे हालिनाने सोलले, कुणी सांगितले नसताना. तोमाने मला उचलून भांड्यावर बसवले आणि माझ्या डोक्यावर खरे, लाल, फुललेले निखारे ओतले. मित्रांनो, काय सांगू! दोन वर्षांची थंडी माझ्या अंगातून निघाली. मी इतका आनंदलो की राख उडाली; लोकांना वाटले, वारा आला.

अर्ध्यात मांस उलटून झाल्यावर तोमा मला पुन्हा उचलायला आला. पेरिनाने हातातला चिमटा त्याच्या मनगटावर मारला.

"हात मोडीन!"

"अगं, झालं का ते बघायला नको?"

"बघायचं नाही. ऐकायचं. तुझ्या बापाने तुला शिकवलं नाही, कारण तू सदा बंदरावर. मी शिकवलं नाही, कारण मला वाटलं, मी आहेच की कायमची. बस इथे. आधी पाणी बोलतं, बुडबुड करतं. ते गप्प झालं की चरबी बोलायला लागते, बारीक चुरचुरते. मग आणखी थोडं थांबायचं."

"थोडं म्हणजे किती?"

"ते मला विचारू नकोस. आज तूच सांगायचंस. चुकलास तर या बाईंसमोर चुकशील."

तोमा जमिनीवर बसला. पन्नाशीचा माणूस, पण परीक्षेला बसल्यासारखा. हालिना आणि तिचा नवराही कान देऊन बसले. अंगणातून सिल्व्हिया दोनदा काहीतरी विचारायला आली आणि दोन्ही वेळा न विचारताच दारात थांबून राहिली. माझ्या पोटात पाणी बोलले, मग गप्प झाले. चुरचुर सुरू झाली. तोमाने आईकडे पाहिले. आई मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. मी मदत करू शकलो असतो तर केली असती, पण झाकणाचे काम झाकण्याचे, सांगण्याचे नाही.

"आता," तोमा शेवटी म्हणाला आणि त्याने आकडा घालून मला उचलले.

वाफेबरोबर जो वास उठला त्याने अंगणातले लोक चमचे हातात धरून आत आले. मांस हाडावरून आपोआप सुटत होते. पेरिनाने एक बटाटा काट्याने टोचला.

"कडेचे बटाटे जरा कच्चे राहिलेत," ती म्हणाली. "आणखी पाच मिनिटं दम धरला असतास तर बापाच्या बरोबरीला आला असतास. बस, जेव आता. उभ्याने नाही, बसून."

तोमा स्वतःच्या खाणावळीत कित्येक वर्षांनी मेजाशी बसून जेवला. दुसऱ्या घासाला त्याचे डोळे भरले, आणि ते त्याने धुरावर ढकलले. हालिनाने पावाने ताट पुसून चकचकीत केले. ती म्हणाली, "मावशी, आता घरी गेल्यावर खरं सांगता येईल." तोमाने त्यांना गाडीतून बंदरावर सोडले तेव्हा बोट सुटायला चार मिनिटे होती.

सोमवारी स्तांको गवंडी आला. "कुठून पाडायला सुरुवात करू?" त्याने विचारले.

"पाडायचा नाही," तोमा म्हणाला. "कमरेइतका उंच करायचा. आणि वर तुळईला कप्पी आणि साखळी लाव. आईला एका हाताने झाकण उचलता आलं पाहिजे."

आता आमच्याकडे चार मेजे कमीच आहेत. घड्याळ बघणारी मंडळी ओव्हनचे जेवतात. सिल्व्हियाने फळ्यावर तसे स्वच्छ लिहिले आहे. पेका हवी असेल त्याने एक दिवस आधी सांगायचे. पेरिना साखळी ओढून मला वर नेते, तोमा मांस उलटतो, आणि दोघे कच्च्या बटाट्यांवरून कडाकडा भांडतात. ज्या दिवशी ती नसेल त्या दिवशीही त्या ओट्यावर कुणीतरी कान देऊन बसलेला असेल, हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती अलीकडे फार निवांत झोपते.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. तुमच्या घरातल्या जुन्या भांड्यांना अधूनमधून तेलाचा हात फिरवा, त्यांना गंजू देऊ नका. पण नुसती पुसून, शोभेला म्हणून पाहुण्यांपुढे मिरवूही नका. त्यांना चुलीवर चढवा. आणि कधी परमुलखात जेवायला बसलात, तर घड्याळ खिशात ठेवा, आधी चुलीपाशी जाऊन उभे राहा आणि जे शिजवत असतील त्यांच्याकडून एक गोष्ट शिकून घ्या. गरम झाकणाला तुम्ही हात लावलेला आम्हाला चालतो. थंड झाकणाला टाळ्या तेवढ्या वाजवू नका.