अर्ध्या तासाने कळवा

माझी लेक झोपेत बोलते. बरळत नाही हं, डोळे उघडे ठेवून अगदी शुद्धीत असल्यासारखी बोलते. डॉक्टर होऊन पुढचं शिकायला हॉस्पिटलात राहायला गेली, तेव्हापासूनचं हे. सलग दोन दोन दिवस उभं राहायचं आणि मग मेल्यासारखं झोपायचं. मागे सुट्टीला आली होती, मी चहाला उठवलं तर म्हणते, "सिस्टर, बारा नंबरची सलाईन बदला." मी कपाळावर हात मारला. हे मात्र पोट धरून हसले. "जा सिस्टर, बदला," म्हणाले. उठल्यावर तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

त्या दुपारी ह्यांच्या छातीत जळजळायला लागलं. घामाने सदरा भिजला. मी म्हटलं, उठा, गाडी बोलावते. तर हटून बसले, "आधी डॉक्टरीणबाईंना विचार." जगातले सगळे डॉक्टर एकीकडे आणि ह्यांची लेक एकीकडे! फोन लावला. तिने लगेच उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "घाबरू नका. पडून राहू द्या त्यांना. अर्ध्या तासाने परत बघा आणि मला कळवा."

"बघ, उगाच जीव घाबरा करतेस," हे म्हणाले आणि उशी सारखी करून आडवे झाले. अर्धा तास व्हायच्या आतच गेले.

घर माणसांनी भरलं, मी भिंतीला टेकून बसले होते, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. घाबरू नका? कळवा? माझी लेक मला जन्मात अहो-जाहो करत नाही. भांडताना तर "आई, तू गप्प बस" म्हणून ठणकावते. म्हणजे ती माझ्याशी बोललीच नव्हती. झोपेत कुठल्याशा सिस्टरशी बोलत होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीवर नाही, देवाशपथ. "आम्हीही असेच शिकलो" म्हणत माझ्या पोरीला घाण्याला जुंपणाऱ्या त्या मोठ्या डॉक्टरांवर. माणसं आहेत की कोण आहेत! पण रागावून हे थोडेच परत येणार होते? मी एक पक्कं केलं. नवरा गेला, आता लेक घालवायची नाही. हे तिला कळलं तर ती पुन्हा कुणाच्या नाडीला हात लावणार नाही. स्वतःच्या जिवाचं काय करेल, तो विचारही मला सोसेना.

सगळं आटोपल्यावर ती फोन घेऊन माझ्याजवळ आली. डोळे पार खोल गेलेले.

"आई, त्या दुपारी तुझा फोन आलेला दिसतोय. मी उचललाय. काय बोललो गं आपण? मला आठवतच नाही."

मी फटकन तोंडावर बोलणारी बाई. खोटं मला जमत नाही. चष्मा पुसत राहिले.

"काही नाही गं. तुझ्या बाबांनी विचारायला लावलं, पोर जेवली का म्हणून."

"मग? मी काय म्हणाले?"

"हो म्हणालीस. मग ते निवांत पडले."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "नव्हते गं जेवले. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. बाबांशी शेवटचं बोलले तेही खोटंच बोलले मी!"

माझ्या मांडीत तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. रड बाई, मनात म्हटलं, तेवढ्यासाठीच रड.