एकतिसावं पान

मागची खोली रिकामी करायला मला चार दिवस लागले. भिंतीशी उभी असतात तोवर पुस्तकं किती आहेत ते कळत नाही. नात पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षं माझ्याकडे राहणार, असं लेकीने जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. मी टेबल खिडकीखाली सरकवलं. तिथून समुद्राची पट्टी दिसते. बोटभरच, पण दिसते.

दोघी आल्या त्या प्रवेशाची दोन पत्रं घेऊन.

"अप्पा, तुम्हीच सांगा हिला," लेक चपला काढता काढताच म्हणाली. "इथे समुद्र, घरचं जेवण, तुम्ही. आणि बाईसाहेबांना जायचंय त्या ओसाड गावात. एक झाड नाही तिथे!"

"एक आहे. फोटोत पाहिलं मी," नात म्हणाली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. "आजोबा, तुम्हीही गाव बघूनच निवडलं होतं ना?"

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. मलाही दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. तिकडच्या कोरड्या गावात गवतांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले एक सर होते. इथे समुद्र होता. मी समुद्र निवडला. संध्याकाळी धक्क्याच्या पायऱ्यांवर वाचत बसायचं, अंधारलं की जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरायचं. तिथेच एका मुलीने माझ्या हातातलं पुस्तक "मी आधी पाहिलंय" म्हणून काढून घेतलं. ती भिंगरीची आजी. गोष्ट खरी आहे. फक्त सुरुवात खोटी आहे.

मी पत्रं वाचली. इथल्या पत्रासोबत गुळगुळीत कागदावर समुद्राचे फोटो होते. तिकडचं पत्र चारच ओळींचं. तळ्याच्या गाळातले जुने परागकण बघून तिथे पूर्वी काय उगवत होतं ते भिंगरी शोधते. तिथल्या आताच्या सरांनी लिहिलं होतं, 'तुमच्या प्रकल्पात एकतिसाव्या पानावरचा कण पाणवनस्पतीचा नसून गवताचा असावा. माझंही चुकत असेल. या, एकत्र बघू.'

"बघा, पाऊल टाकायच्या आधीच चुका काढतायत," लेक म्हणाली. "खडूस दिसतात."

"लाज वाटली मला," भिंगरी हळूच म्हणाली. "इथेच बरं, असंही वाटलं."

माझे कान तापले. गप्प बसलो असतो तर खोली भरली असती.

"मलाही असंच पत्र आलं होतं," मी म्हणालो. "गवताच्या फुलाचं चित्र काढलं होतं मी. 'पुंकेसर पुन्हा मोजा आणि या,' असं सरांनी लिहिलं. मी नऊ उत्तरं लिहिली आणि नऊही फाडली. सगळ्यांना सांगितलं, मला समुद्र आवडतो."

लेक बघतच राहिली. "म्हणजे तुम्ही घाबरलात म्हणून आई भेटली?"

"हो. त्या भित्रेपणाचे माझ्यावर फार उपकार आहेत."

भिंगरी हसली. मी हसलो नाही. "इथले माझे सर फार सज्जन. प्रबंधाचं कौतुक केलं, सही केली. पुढे त्यांची प्रत माझ्याकडे आली, तेव्हा आतली पानं एकमेकांना चिकटलेली होती, छापखान्यातून आली तशी. चाळीस वर्षं मी मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण गवताला पुन्हा हात लावला नाही." "तुझं एकतिसावं पान तिकडे कुणीतरी वाचलंय. तिथे जा. म्हणजे, मला असं वाटतं. चुकतही असेन."

"अप्पा, तुम्ही म्हणजे ना!" लेक म्हणाली आणि तिने समुद्राचे फोटो परत पाकिटात घातले.

भिंगरी गेली. महिन्याभराने तिचं पत्र आलं. 'कण पाणवनस्पतीचाच निघाला. सरच चुकले होते. दिवसभर इतके खूश होते, की झाडाखाली नेऊन चहा पाजला.'

पुस्तकं मी अजून खोलीत परत नेलेली नाहीत. तेव्हा चित्र काढलं होतं तेच गवत काल फाटकापाशी फुललेलं दिसलं. एक काडी आणली, टेबलावर भिंग धरून मोजलं. पुंकेसर तीन. माझ्या जुन्या चित्रात दोन आहेत.

भिंगरीला तसं लिहायला बसलोय. पहिलाच कागद आहे. फाडणार नाही.