पुढे जाण्याचा मान

डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी नीलांबरीच्या आयुष्यात दोनच माणसं होती. एक तिचा नवरा राजीव आणि दुसरा शंतनू. त्यातही डोंगराचा विषय निघाला की राजीवचा नंबर खाली जायचा, कारण राजीव म्हणजे सिंहगडावरसुद्धा मोटारसायकलनं जाऊन, पिठलं-भाकरी हाणून, तिथूनच परत फिरलेला माणूस. शंतनूबरोबर मात्र ती कॉलेजपासून सह्याद्री हिंडली होती. त्यानं धरलेल्या दोराला लटकून ती कितीदा तरी कडे उतरली होती, आणि दोर सुटेल असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं. पुढे नोकरीनं दोघांनाही अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला आणून टाकलं आणि इथले बर्फाचे डोंगर बघून जुनं वेड पुन्हा उफाळून आलं.

पुण्यातल्या त्यांच्या ग्रुपचा एक नियम होता. पायथ्याच्या गावात ज्यानं वाट विचारली, त्यानंच पुढे चालायचं. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. स्वतःच्याच पायाखाली आधी येणार म्हटल्यावर माणूस वाटेबद्दल थापा मारत नाही, इतकं साधं गणित होतं ते. गावात वाट विचारायला बहुतेक वेळा शंतनूच जायचा, त्यामुळे पुढे शंतनू. आणि मुलगी म्हणून नीलांबरी कायम मधे. तिला या मधल्या जागेचा मनस्वी राग होता, आणि तो तिनं शंतनूला हजारदा बोलूनही दाखवला होता.

कोलोरॅडोत पायथ्याला गाव नसतं, नुसता पार्किंग लॉट असतो. तिथे विचारायचं ते फोनवर. एका नंबरवर रोज सकाळी रेकॉर्ड केलेला निरोप ऐकू यायचा. कुठे किती बर्फ साठलाय, कुठल्या उतारावरचा बर्फ कोसळू शकतो, आज कुठे पाऊल टाकू नये, सगळं त्यात असायचं. हा फोन करायचं काम अर्थातच शंतनूचं होतं. वाट विचारायचं जुनं कामच ते, फक्त आता बसल्या जागेवरून व्हायचं.

दोन हजार चारचा फेब्रुवारी होता. मराठी मंडळाची शिवजयंती तोंडावर आली होती. चौदा हजार फुटी शिखरावर भगवा लावू, त्याचा फोटो काढू आणि तो मोठा करून स्टेजमागे लावू, असं शंतनूनं कमिटीच्या मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगून टाकलं. अध्यक्ष मालिनीकाकूंनी ते आणखी शंभर जणांना सांगितलं. आता शंतनूला मागे फिरायची सोय उरली नव्हती.

आठवडाभर वारा पिसाटासारखा सुटला होता. शनिवारी पहाटे गाडीत बसल्याबरोबर नीलांबरीनं विचारलं, "फोन केलास?"

"केला ना. धोका मॉडरेट आहे, बेताचाच. ऑल गुड, यार."

तिनं थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. शंतनूनं विचारलंय म्हटल्यावर विषय संपला होता.

झाडांची हद्द सोडून वर आल्यावर एक रुंद, गुळगुळीत उतार आडवा ओलांडायचा होता. तो पूर्वेकडे तोंड करून होता, आणि त्याच्या माथ्यावर वाऱ्यानं बर्फाचा छज्जा काढला होता. अशा जागी एकेकानंच जायचं असतं. पहिला पलीकडे पोचला की मग दुसऱ्यानं निघायचं. शंतनू थांबला. खाली वाकून बुटाचा पट्टा आवळत बसला. आवळलेला पट्टा त्यानं सोडला आणि पुन्हा आवळला.

"निलू," तो मान वर न करता म्हणाला, "आज तू हो पुढे. आज मान तुझा."

काय आनंद झाला तिला! इतकी वर्षं मधे चालून चालून शेवटी एकदाची तिची पाळी आली होती. त्या आनंदात ती वेडी ग्रुपचा नियमच विसरली. फोन कुणी केला होता, वाट कुणी विचारली होती, यातलं काहीही तिला त्या क्षणी आठवलं नाही. ती हसत हसत उतारावर उतरली.

मध्यावर पोचली आणि पायाखाली धप्प असा खोल आवाज झाला. वरच्या बाजूला बर्फात एक रेघ सर्रकन उमटत गेली. मग सगळा उतारच हलला. "शंतनू!" एवढंच तिला ओरडता आलं. तोंडात, नाकात, डोळ्यांत बर्फ गेला आणि वर कुठे, खाली कुठे हे कळेनासं झालं. थांबल्यावर भोवतालचा बर्फ असा आवळला की करंगळी हलेना. छाती फुगवायला जागा नव्हती. राजीवला सांगायचं राहिलं, एवढं एकच तिच्या मनात येत राहिलं. काय सांगायचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

शंतनूनं तिला काढलं, हे खोटं नाही. दोघांच्या छातीवर सिग्नल देणारं बीकन होतं. त्यानं ते धरून तिला शोधलं, फावड्यानं आणि मग नुसत्या हातांनी उकरलं. तिचं तोंड मोकळं झालं तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता. "ईस्ट फेसवर अजिबात जाऊ नका म्हणाले होते गं. सॉरी निलू, सॉरी, सॉरी..."

तिनं ते ऐकलं. पण त्या वेळी श्वास घेणं जास्त महत्त्वाचं होतं.

अर्थ लागला तो परतताना, गाडीतला हीटर लागून बोटं ठणकायला लागली तेव्हा.

"फोनवर मॉडरेट नव्हतं ना?"

"कॉन्सिडरेबल होतं. म्हणजे वरची एक पायरी. पण ते लोक रोजच घाबरवतात, यार. काकूंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कॅन्सल केलं असतं तर किती हसले असते."

"हसले असते," ती म्हणाली. "बरं. पण मग तू का नाही गेलास पुढे?"

शंतनूनं वायपर लावला. बाहेर काही पडत नव्हतं. खोटं बोलला ते तिनं एक वेळ गिळलं असतं, हट्टी माणूस आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण पट्टा आवळत बसला होता तेव्हा त्याला भीती वाटत होती, आणि ती भीती त्यानं मान म्हणून तिच्या हातात ठेवली. तिचा आनंद त्यानं उभं राहून पाहिला होता.

घरी राजीवनं शंतनूचे सोललेले हात आपल्या हातांत घेतले आणि तो हमसून हमसून रडला. "तुझे उपकार कसे फेडू?" असं म्हणत राहिला. नीलांबरी काही बोलली नाही. बोललं की ते खरं होणार होतं, आणि सगळे कडे, सगळे दोर मागे जाऊन खोटे ठरणार होते. तेवढी तिची हिंमत झाली नाही.

शिवजयंती शाळेच्या एका हॉलमध्ये झाली. स्टेजमागे शिखराचा फोटो नव्हता, पण त्याची उणीव कुणाला भासली नाही, कारण मंडळाला चांगला जिवंत हिरो मिळाला होता. मालिनीकाकूंनी शाल, श्रीफळ तयार ठेवलं होतं. "आणि सत्कार कोणाच्या हस्ते? आपल्या नीलांबरीच्याच!" त्या माइकवर म्हणाल्या. टाळ्या थांबेनात.

तिनं शाल त्याच्या खांद्यावर घातली. त्यानं तिच्याकडे बघणं टाळलं, नारळ मात्र दोन्ही हातांनी घेतला. मग माइक घेऊन तो बोलला, आणि छान बोलला. डोंगरात एकमेकांवरचा विश्वासच माणसाला वाचवतो म्हणाला. टाळ्या वाढल्या तसा त्याचा आवाजही चढला. "मार्चमध्ये आपण पुन्हा जाणार. या वेळी मंडळाची अख्खी टीम. वाटेची, हवामानाची काळजी करू नका, फोनबिन सगळं मी बघतो. कोण कोण येणार? हात वर!"

एकेक हात वर होऊ लागला. पोरंसोरं, त्यांचे आईवडील, विमानात खिडकीजवळ बसायला घाबरणारे दिगंबरकाका. आणि पहिल्या रांगेत, डोळे पुसत, राजीव. जो जन्मात कधी पायी डोंगर चढला नव्हता, त्या राजीवचा हात सगळ्यांत उंच होता. "शंतनू असला की मला भीती नाही," तो शेजारच्याला मोठ्यानं सांगत होता.

नीलांबरीनं शंतनूच्या हातातून माइक काढून घेतला.

"राजीव," ती म्हणाली, "हात खाली घे."