फ्लिट

काळं-पिवळं फुलपाखरू कढीपत्त्यावर अंडी घालतं तेव्हा पानावर पूर्ण बसत नाही. पुढच्या पायांनी पान चाचपतं, पोटाचं टोक वाकवून कडेला टेकवतं आणि तेवढ्या वेळातही पंख हलवत ठेवतं. एक अंडं, की दुसरं पान. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ते पाहत होते.

पर्समधला फोन थरथरला. गोपिकाताईंचा असणार. मनीष नगरातली त्यांची वरची खोली त्यांनी माझ्यासाठी दिवाळीपासून अडवून ठेवली होती. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मनात मी हो केव्हाच म्हटलं होतं. घरात सांगायचं राहिलं होतं. मागे शेजारच्या भावनाने वेगळी खोली घेतली तेव्हा बाबा म्हणाले होते, "एकाच शहरात दुसरं घर? घरचे मेले का तिचे?"

"मायाआत्या, फ्लिट म्हणजे?" हॉलमधून इंग्रजीचा धडा वाचता वाचता श्वेताने विचारलं. माझ्या भावाची ही मुलगी सातवीत आहे. हॉल आम्हा दोघींचा: रात्री आमच्या गाद्या, दिवसा सगळ्यांची ये-जा. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते; माझी पुस्तकं फ्रिजवर राहतात.

मी हॉलमध्ये येईपर्यंत बाबांनी उत्तर देऊन टाकलं. "फ्लिट म्हणजे मच्छर मारायचा पंप. आपल्याकडे होता ना टिनाचा. दांडा ढकलला का फुस्स."

"आबा, इथे तर फुलपाखरं फ्लिट करून राहिली."

"मंग कोणी मारलं असन त्याइले."

"आबा, ते क्रियापद आहे."

"क्रियापदच तं. फ्लिट मारणे."

श्वेता हसून गुंडाळलेल्या गादीवर रेलली. मी म्हणाले, "भिरभिरणे लिही. हलकेच, भराभर, इकडून तिकडे. घारही उडते, पण ती भिरभिरत नाही."

"म्हणजे तुझ्यासारखं," ती म्हणाली. "तू जेवताना पण चारदा उठते."

"माया, पंखा कमी कर वं," बाबा म्हणाले. मी उठले. बसते तोच त्यांना गोळीची आठवण झाली. मी पाणी आणलं. ग्लास आत ठेवताना फोन पुन्हा थरथरला.

"कोणाचा आहे वं? उचलत काहून नाही?"

"कॉलेजचा."

"रविवारी?"

मी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

श्वेता मोबाईलवर शब्दकोश पाहत होती. "आत्या, अजून एक अर्थ आहे. घर बदलणं. गुपचूप, कोणाला न सांगता."

"असं कोण जाते?" बाबा म्हणाले. "चोर."

गेले काही दिवस मी रोज दोन-तीन पुस्तकं कॉलेजच्या कपाटात नेत होते आणि परत आणत नव्हते. फ्रिजवरचा गठ्ठा कमी दिसू नये म्हणून खाली जुनी वर्तमानपत्रं सरकवत होते. मी याला तयारी म्हणत होते. दुसरा शब्द सुचला नव्हता.

"हा पण अर्थ लिहू का?" श्वेताने विचारलं.

"लिही."

फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला. "उचल ना बापा," बाबा म्हणाले, "तो माणूस काही सोडत नाही तुले."

मी तो उचलला नाही. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. बसल्याबरोबर उठावंसं वाटलं. गुडघा हलत होता. त्यावर हात दाबून धरला. बाबांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, हा कॉलेजचा फोन नाही. मनीष नगरात गोपिकाताई म्हणून आहेत, त्यांचा आहे. त्यांच्याकडे मी खोली घेते आहे. मी तिथे राहायला जाणार आहे. एकटी."